स्क्रीसचा कर्कश आवाज

पहिल्या शनिवारी बाउक्येच्या स्वयंपाकघरात जे होतं ते असं: खुर्च्या चार, माणसं तीन, संगणक दोन. त्यांतला एक इतका जुना, की त्याच्या पंख्याची घरघर मला मोजमापातून वजा करावी लागली. कॉफीचा थर्मास एक. लवंगा घातलेल्या चीजचा तुकडा एक, राईचा काळा पाव अर्धा. संगणकाचा चालू असलेला पडदा एकही नाही. दिवा एक, आणि तो फक्त आम्हा दोघा पाहुण्यांसाठी लावला आहे हे मला आल्या आल्या सांगण्यात आलं होतं.

मी तेव्हा ख्रोनिंगनला ध्वनिशास्त्राचं शेवटचं वर्ष करत होते. सीत्सेनं मला बोलावलं होतं, कारण त्याला एक गोष्ट मोजून हवी होती.

"ही पोरगी मोजणार म्हणजे करणार काय?" बाउक्येनं त्याला विचारलं.

"कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंत किती वेळ जातो ते."

"ते मी सांगते की. पुरेसा कमी जातो."

मी मोजला. अडतीस मिलिसेकंद. तिचं म्हणणं बरोबर होतं, पण सीत्सेला आकडा हवा होता. तो शाळेत गणित शिकवायचा आणि पुरेसा कमी हे त्याच्या दृष्टीनं उत्तर नव्हतं.

त्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅमचं नाव स्क्रीस. संगणकावर जे काही लिहिलेलं असेल ते तो आमच्या फ्रिजियन भाषेत वाचून दाखवायचा. एवढ्या थोड्या लोकांच्या भाषेसाठी कुठलीही मोठी कंपनी असलं काही करत नाही, म्हणून सीत्सेनं ते केलं. चौदा वर्षं, शाळा सांभाळून. प्रोग्रॅम फुकट होता आणि त्याचं पोटही उघडं होतं, म्हणजे आत काय लिहिलंय ते कुणीही पाहावं, कुणीही बदलावं. स्क्रीस हा वसंतात आमच्या कुरणांवर ओरडत फिरणारा पक्षी. पहिला आवाज तयार झाला तेव्हा तो अगदी तसाच आला, आणि नाव चिकटलं.

आवाज नंतर सुधारला, पण कर्कशच राहिला, आणि तो तसा राहावा हा बाउक्येचा आग्रह होता. ती जन्मांध होती, सत्तावन्न वर्षांची, आणि डॉक्कमजवळ पशुवैद्यांच्या सहकारी संस्थेत फोनवर बसायची. गाय अडली, वासरू आडवं आलं, की शेतकरी तिथे फोन करायचे, आणि घाबरलेला शेतकरी फ्रिजियनशिवाय दुसरं काही बोलत नाही. बाउक्येच्या डाव्या कानात शेतकरी असायचा आणि उजव्या कानात स्क्रीस: गोठा कुठला, गावात त्या नावाची तीन घरं आहेत त्यांतलं कुठलं, जवळचा डॉक्टर कोण, तो या क्षणी कुठे गुंतलाय. उजव्या कानातला आवाज इतका भरधाव असायचा की मला त्यातला एक शब्द लागायचा नाही. तिला दोन्ही एकदम कळायचे, कारण दोन्ही आवाज एकमेकांसारखे मुळीच नव्हते.

"एका कानात माणूस, एका कानात पत्रा," ती म्हणायची. "पत्राही माणसासारखा बोलायला लागला तर माझ्या डोक्याची भाजी होईल."

स्क्रीसमध्ये काहीही बदललं की ते शनिवारी सकाळी तिच्या स्वयंपाकघरात यायचं. ती ऐकायची, मध्येच हात वर करायची, सीत्से थांबायचा. तिनं होकार दिल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर जात नसे.

आणखी एक नियम होता, तो सीत्सेनं केलेला. स्क्रीसबद्दल जे काही सांगायचं ते फळ्यावर सांगायचं. फळा म्हणजे इंटरनेटवरची एक जागा, जिथे कुणीही लिहावं आणि सगळ्यांनी वाचावं. सीत्सेला फोन करायचा नाही, खासगीत लिहायचं नाही, रस्त्यात गाठायचं नाही. सुरुवातीच्या वर्षांत लोक त्याला जेवताना फोन करायचे आणि तो प्रत्येकाला तेच उत्तर पुन्हा देत बसायचा. फळ्यावर एकदा दिलेलं उत्तर सगळ्यांचं व्हायचं, आणि हळूहळू सीत्सेच्या आधी दुसरंच कुणीतरी उत्तर द्यायला लागलं. ओपन सोर्समध्ये, म्हणजे असल्या खुल्या प्रोग्रॅमांवर, काम करणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही. पण हा नियम बाउक्येइतका कुणी पाळला नसेल. एका शनिवारी तिला सात या आकड्याचा उच्चार खटकला. सीत्से तिच्यासमोर हातभर अंतरावर पाव खात बसला होता. तिनं त्याला गप्प बसायला सांगितलं, तक्रार फळ्यावर टाइप केली, आणि मग म्हणाली, "हं, आता दे उत्तर." त्यानंही पाव खाली ठेवून फळ्यावरच उत्तर लिहिलं. मी मध्ये बसून दोघांचं टाइप करणं ऐकत होते.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सीत्से वर्गात फळ्यासमोर, खऱ्या खडूच्या फळ्यासमोर, उभा राहिला आणि समीकरणाची दुसरी ओळ त्याला आठवेना. मुलं वाट पाहत राहिली. तो सहा महिने घरी होता. दिवसा शाळा, संध्याकाळी स्क्रीस, शनिवारी बाउक्ये, असं चौदा वर्षं कुणी करत नाही, असं डॉक्टरनं त्याला सांगितलं, आणि त्याची बायको आफके हेच बारा वर्षं सांगत होती.

त्याच सुमारास झ्वोलेच्या एका कंपनीनं त्याला बोलावलं. बसमध्ये, लिफ्टमध्ये, दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहात जे आवाज सूचना देतात ते ही कंपनी बनवायची. तिथली मारिट, म्हणजे जी पुढे त्याची वरिष्ठ झाली ती, स्वतः त्याच्या घरी आली. आठवड्याचे चार दिवस काम, त्यांतले दोन कंपनीचे, दोन समाजाचे, असं करारात लिहून दिलं. समाज म्हणजे फळ्यावरची माणसं. स्क्रीस मुक्तच राहणार, हेही लिहून दिलं, आणि हा शब्द कंपनीनं शेवटपर्यंत पाळला.

सीत्सेचं मन होईना. बाउक्येनं त्याला शनिवारी बोलावून घेतलं, लोण्यात भाजलेला साखरपाव पुढे ठेवला आणि झापलं. जे काम तू झोप मोडून करतोस त्याचे कुणी पैसे देतंय, तर तुला लाज कसली वाटते, असं विचारलं. सही केल्यावर ती त्याला मोठे साहेब म्हणायला लागली.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. खरंच चांगलं. फळ्यावर वर्षानुवर्षं पडून असलेल्या तक्रारी सीत्सेनं दिवसाउजेडी, शांत डोक्यानं निकाली काढल्या. फळ्यावर सगळ्यांत जास्त उत्तरं देणारे दोघे होते, त्यांनाही कंपनीनं घेतलं. मग एक दिवस आमच्या बसमध्ये पुढच्या थांब्याचं नाव फ्रिजियनमध्ये ऐकू आलं. माझी आई माझ्या शेजारी बसली होती. तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि आपला थांबा येऊन गेला तरी ती उठली नाही.

शनिवार मात्र बंद झाले. कुणी बंद केले नाहीत. स्क्रीस आता सीत्सेची नोकरी होती, आणि आमच्याकडे नोकरीचं काम शनिवारी करत नाहीत. मारिटनं तर त्याला बजावूनच सांगितलं होतं की सुट्टीच्या दिवशी संगणक उघडायचा नाही. त्याच्या आजारपणाची तिला कल्पना होती. बाउक्ये आठवडाभर फोनवर असायची, म्हणून नव्या आवृत्त्या तिच्याकडे मेलनं जायला लागल्या. ती उलट मेलनं हो किंवा नाही एवढंच कळवायची. हात वर केल्यावर थांबणारं समोर कुणी नव्हतं.

फळ्याचंही तसंच. पूर्वी सीत्सेला शंका आली की तो ती फळ्यावर लिहायचा आणि त्या दोघांपैकी एकजण उत्तर द्यायचा. आता तिघं एकाच टेबलावर बसायचे. शंका आली की मान वळवून विचारायची. फळ्यावर नुसते निर्णय यायला लागले, मग तेही थांबले, कारण निर्णय कुणी विचारत नव्हतं. ज्यांना बोलायला काही उरलं नाही ती माणसं हळूहळू निघून गेली. कुणी रागावून गेलं नाही.

जानेवारीत पशुवैद्यांच्या संस्थेनं ठरवलं की एक मेपासून सगळे संगणक नवे येणार आणि गोठ्यांची सगळी माहिती त्यांच्यावर जाणार. नव्या संगणकांवर स्क्रीसचा जुना आवाज चालत नव्हता. कंपनीनं केलेला नवा आवाज चालत होता. तोही फुकट, तोही खुला. ल्यूवार्डनच्या एका नटीचं बोलणं कित्येक तास ध्वनिमुद्रित करून तो बनवला होता, आणि तो इतका सुंदर होता की पहिल्यांदा ऐकताना मी मोजायचं विसरले.

बाउक्येनं फळ्यावर लिहिलं. जुना आवाज नव्या संगणकावर चालवायला हवा, मेच्या आत, नाहीतर माझी खुर्ची जाईल. नेहमीसारखंच, चार ओळींत.

मी उत्तर दिलं की प्रयत्न करते. दुसरं कुणीच काही लिहिलं नाही. मी तीन महिने प्रयत्न केला. ध्वनीबद्दल मला बरंच कळत होतं, पण संगणकाच्या पोटात तो आवाज जिथून निघतो तो भाग सीत्सेनं अशा काळात लिहिला होता जेव्हा यंत्रंच वेगळी होती. माझा स्क्रीस सुरू व्हायचा, दोन वाक्यं बोलायचा आणि तिसऱ्याची शेपटी गिळून गप्प बसायचा. मी माझे प्रश्न फळ्यावर लिहीत गेले. ते एकाखाली एक तसेच दिसत राहिले.

मार्चमध्ये मी बाउक्येला म्हटलं की सीत्सेला सरळ फोन करू या.

"फळ्यावर लिहिलंय," ती म्हणाली.

"पण उत्तर नाही आलं."

"नाही आलं म्हणजे तो त्यावर काहीतरी करत असेल. पोरी, तो आजारी पडला होता ना, तो अशाच फोनांनी. माझ्याच्यानं होणार नाही."

एप्रिलमध्ये नव्या आवाजाची मोजणी करायला कंपनीनं मला झ्वोलेला बोलावलं. दुपारी सगळे त्या लांब टेबलावर पाव-चीज खात होते. सीत्सेची तब्येत सुधारली होती, गालांवर रंग आला होता, आणि तो मुलीच्या होडीच्या शर्यतीबद्दल सांगत होता. मी विचारलं की बाउक्येच्या कामाचं कुठवर आलं.

"कुठलं काम?" तो म्हणाला.

मी सांगितलं. त्यानं हातातला पाव खाली ठेवला. मग तो शेजारच्या दोघांकडे पाहायला लागला आणि ते दोघं त्याच्याकडे. फळा दुसरा कुणीतरी बघतोय असं तिघांनाही वाटत होतं.

तो तसाच मारिटकडे गेला आणि मला बरोबर घेऊन गेला. ती वाईट बाई नव्हती. तिनं दार लावून घेतलं, सगळं ऐकलं, तिला वाईटही वाटलं. सीत्सेनं करारातल्या दोन दिवसांची आठवण करून दिली. ती म्हणाली की नवा आवाज हेच ते दोन दिवस होते. तो फुकट दिला आहे, कुणीही घ्यावा. जुना आवाज किती लोक वापरतात, असं तिनं विचारलं. सीत्से म्हणाला, तीस असतील, कदाचित चाळीस.

"आणि बसमध्ये रोज हजारो लोक आपली भाषा ऐकतात," ती म्हणाली. "तुला टोचायला नाही विचारत, सीत्से. मला खरंच सांग, समाज म्हणजे यांतला कुठला?"

सीत्सेनं विचारलं की त्याला एवढ्या कामापुरते दिवस मोकळे मिळतील का. ऑक्टोबरपासून नक्की, असं ती म्हणाली. त्याआधी दोन शहरांच्या बससेवांना तारीख दिलेली होती.

त्या शनिवारी सीत्से डॉक्कमला आला. मी आधीच पोचले होते. बाउक्येनं त्याची पावलं दारातच ओळखली.

"आले मोठे साहेब. बूट पुसा."

त्यानं बूट पुसले. बसला. बाउक्येनं कॉफी ओतली.

"फोन करायचास ना, बाउक्ये."

"फळ्यावर लिहिलं होतं."

"मी आता तो बघत नाही. आम्ही तिघं तिथेच बसतो, सगळं टेबलावरच ठरतं. मला वाटलं ते बघतात, त्यांना वाटलं मी."

बाउक्येनं चीज कापलं, तुकडा बोटांनी चाचपून त्याच्या ताटलीत ठेवला.

"मग फळ्यावर तेवढं तरी लिहायचंस," ती म्हणाली. "की आता इथे कुणी बसत नाही. मी जानेवारीपासून रोज संध्याकाळी बघतेय."

सीत्से म्हणाला की तो शनिवारी बसून काम करेल, मारिटला सांगणार नाही. तिनं किती शनिवार लागतील ते विचारलं. तो गणिताचा माणूस. त्याला खोटं सांगता येईना. सात, कदाचित आठ, असं तो म्हणाला. एक मेला दोन आठवडे उरले होते. मी मध्येच म्हटलं की तोवर संस्थेनं थांबावं. पण तिनं ते आधीच विचारून पाहिलं होतं. संस्थेचा प्रमुख हिल्के यानं तिच्यासाठीच तारीख आधी एकदा पुढे ढकलून एक मे केली होती. फोनवरची खुर्ची दोन महिने रिकामी ठेवता येत नाही, गाय कुणासाठी थांबत नाही, आणि दुसरं माणूस घेतलं तर ते कायमचंच घ्यावं लागणार होतं. बाउक्येसाठी मागच्या बाजूला औषधांच्या बाटल्या खोक्यांत भरायचं काम त्यानं बघून ठेवलं होतं. पगार तोच.

"नवा आवाज आणलायस?" तिनं सीत्सेला विचारलं.

त्यानं आणला होता. त्यानं तो लावला. नटीचा आवाज स्वयंपाकघरात पसरला, आणि बाउक्ये मान कलती करून ऐकत राहिली.

"छान आहे रे," ती म्हणाली. "बाई कोण?"

त्यानं नाव सांगितलं. बाउक्येनं वेग वाढवायला सांगितला. त्यानं वाढवला. आणखी, ती म्हणाली. एका मर्यादेनंतर शब्द एकमेकांत विरघळायला लागले. तिचा हात वर गेला आणि सीत्से थांबला.

"याच्यावर जमतं का बघू," ती म्हणाली. "नीट बघू. मला वाटतं म्हणून नको, हिल्केला वाटतं म्हणूनही नको. ही पोरगी मोजेल."

चाचणी बुधवारी दुपारी संस्थेतच झाली. हिल्केनं चार पशुवैद्यांना मागच्या खोलीत बसवलं. त्यांनी शेतकरी बनून वीस फोन करायचे होते, मागच्या वर्षी खरोखर आलेल्या फोनांवरून. प्रत्येक फोनवर बाउक्येनं बरोबर गोठा शोधून बरोबर डॉक्टरला पाठवायचं. किती बरोबर आले तर चालेल, असं मी हिल्केला विचारलं. तो खिडकीकडे जाऊन उभा राहिला. मग बाउक्येच म्हणाली, "अठरा. त्याखाली आलं तर मी आपणहून उठते, तुला सांगायची वेळ येणार नाही."

सीत्सेला त्या दिवसाची रजा मिळाली होती, बससेवांचं काम होईपर्यंत तेवढी एकच. तो दाराशी स्टुलावर बसला. मी तिच्या मागे, दोन्ही कानांतले आवाज माझ्या यंत्रावर घेत. तिनं कानांवर इअरफोन चढवले, खुर्ची पुढे ओढली, बोटं कळांवर ठेवली.

पहिले तीन फोन तिनं अचूक घेतले. चौथ्यात शेतकरी बनलेला डॉक्टर जरा जास्तच घाबरला, भराभर बोलायला लागला, आणि त्याच वेळी उजव्या कानात ती सुंदर बाई त्या गावातल्या तीन घरांची नावं सांगत होती. बाउक्येनं त्याला नाव पुन्हा विचारलं. मग बाईला पुन्हा वाचायला लावलं. मग तिनं उजवा इअरफोन थोडा सैल केला, पुन्हा बसवला. सहाव्या फोनला ती बाईलाच उत्तर देऊन बसली, "हो, पाठवते," आणि तिकडचा माणूस म्हणाला, "कुणाला पाठवता?" मागच्या खोलीत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

तिनं वेग कमी केला. मग आवाज कमी केला. मग डावा कान उजवा केला. बाराव्या फोननंतर हिल्के म्हणाला की पुरे करू या का. ती नको म्हणाली, वीस म्हणजे वीस. सीत्से गुडघ्यांवर कोपरं टेकून जमिनीकडे बघत बसला होता. विसावा फोन संपल्यावर तिनं इअरफोन काढले, त्यांची तार नीट गुंडाळली आणि मला विचारलं, "किती?"

मी दोनदा मोजलं.

वीसपैकी अकरा बरोबर.